घरचा पत्ता

पिंपळगाव राजा,
ता. ९ नोव्हेंबर १९६५

प्रयागे,

आशीर्वाद पहिल्यांदा घेऊन टाक, मंग खालचं वाच. खालचं वाचल्यावर तुले तो घ्यावासा वाटणार नाही.

दिवाळीची सुटी सरली अन् तू नागपूरले गेली, त्याले आज सहा दिवस झाले. सहा दिवस मी तोंड दाबून बसली. तुहा बाप म्हणते, "अक्का, तुले संशयाची खोड हाये." खोड कायची? मले डोळे हायेत अन् नाक हाये, एवढाच माहा गुन्हा. तुह्या बापाले, भगवंताले, दोन्ही असून दिसत काही नाही अन् वास बी येत नाही. वांग्याची रोपं अन् तुहे मार्क, एवढ्यातच त्याचा दिवस जाते.

तर ऐक. तू धुवायले ठेवून गेलेलं निळं पातळ मी काल नाल्यावर नेलं. पदराखाली अकरा भोकं. मोजली मी. उंदरानं कुरतडलं असतं तर धागे लोंबले असते. चुलीतला इस्तू उडाला असता तर काठ काळे पडले असते. ह्या भोकायले काठच नाही, धागा भुसभुशीत होऊन गळून पडला. हे कायचं भोक हाये वं?

दुसरं. तू आली त्या दिवशी पेटी उघडली, तर आतून सडक्या अंड्याचा भपकारा आला. आपल्या घरात अंडं उंबऱ्याच्या आत कधी आलं नाही. तुहा बाप म्हणे, कॉलेजातला वास असन. कॉलेजात काय अंडे शिकवते?

तिसरं तुलेही माहीत हाये. लोणारचे महादेवराव अन् अन्नपूर्णाबाई एवढे एसटीचे धक्के खात तुले पाहायले आले. त्यायचा हिंमतराव कपड्याच्या दुकानात बसते, पोरगा सरळ हाये. अन्नपूर्णाबाईनं आपलं बोलायचं म्हून इचारलं, "आमच्या सरोवराचं पाणी हाताले साबणावाणी काऊन लागते?" अन् तू बसली की त्यायले शिकवत! सोडा काय, क्षार काय, अर्धा घंटा. चहा निवून गेला. मंग तिनं तुह्या हाताकडं पाह्यलं. उजव्या हाताची तीन बोटं पिवळीधम्म. हासून म्हणे, "कोणाच्या लग्नाची हळद वं?" मी म्हणलं, कैरीच्या लोणच्याची. दिवाळीत कैरी कोठून आली, हे तिनं इचारलं नाही, पण तिच्या तोंडावर दिसत होतं.

ते गेल्यावर मी तुही बोटं चुलीतल्या राखेनं घासली. तुले वाटलं आत्या माया करून राह्यली. माया नोहे, परीक्षा होती ती. हळदीले राख, सोडा, चुना, काही लागलं की ती लाल होते. कुंकू तसंच तर करतात. अन् तुहं बोट पिवळं होतं ते नारंगी झालं! मले खामगावची गोष्ट आठवली, पोरी. गेल्या साली खामगावच्या एका शिकलेल्या पोरीनं परगावच्या देवळात लग्न उरकलं अन् घरी येऊन सहा महिने गप बसली. हळदीचे हात तिच्या मायनं पाह्यले होते, पण इचारलं नाही.

मी इचारते. तुही माय गेली तवा तू तीन वर्सांची होती अन् मी कपाळ पुसून माहेरी आलेली होती. तुले मी वाढवलं, म्हून इचारायचा हक्क माहा हाये. तुले कोणाची हळद लागली? नाव सांग.

तुही आत्या,
सोजरा


पिंपळगाव राजा,
ता. ५ डिसेंबर १९६५

प्रयागे,

तुहं चार पानी उत्तर भेटलं. मी दोनदा वाचलं. तुह्या बापानं एकदाच वाचलं अन् म्हणे, "पाह्य, मी म्हणत होतो." तो काय म्हणत होता, हे त्याले तरी ठाऊक हाये का!

तू लिहिते, बोटावरचं ते हळदीचं नाही, तेजाबाचं हाये. कातडीले लागलं की कातडीच पिवळी पडते, अन् नवं कातडं येईपर्यंत जात नाही. पातळाले भोकं बी तेजाबाचीच. अन् अंड्याचा वास एका वायूचा, त्यात अंडं नसते. बाप्पा! अंड्याचा वास हाये पण अंडं नाही, हळदीचा रंग हाये पण हळद नाही. मंग तू तरी प्रयागच हाये, हे मी कशावरून समजू?

वरून मलेच शाबासकी देते! "आत्या, राखेची परीक्षा तू बरोबर घेतली. पण तेजाबाचा डागही राखेनं नारंगी होतो. एका परीक्षेवरून नाव ठरवायचं नसतं, दुसरी घ्यावी लागते. तेल चोळून पाहिलं असतं तर हळद सुटली असती, हा डाग सुटला नसता." आता मी तेलाची बाटली घेऊन नागपूरले येऊ का?

तुमच्या परीक्षेत म्हणे अनोळखी पूड देतात, अन् तिच्यात काय काय हाये ते ओळखायले लावतात. कोणती आचेवर धरायची, कोणती तेजाबात इरघळवायची, कोणत्यातून तो अंड्याचा वायू सोडायचा अन् तळाशी काय रंग बसते ते पाहायचं. मंग मी काय वेगळं करून राह्यली? माह्याही हातात एक पूड हाये. चार वर्सं अमरावतीले होती, आता दीड वर्स झालं नागपूरले हाये. तिच्यात काय काय मिसळलं, ते मले पाहा लागत नाही का?

पुढं काय करीन म्हून तू यादी देली. एम्.एस्सी. झाल्यावर केमिस्ट होता येते म्हणे. खामगावले केमिस्ट म्हणजे औषधाचं दुकान. पुड्या बांधायले सहा वर्सं शिका लागते? तर तू लिहिते, तो निराळा, हा औषध करणारा. बरं. कापडाच्या गिरणीत रंग पाहणारा, साबणाच्या कारखान्यातला, कॉलेजात शिकवणारा, सरकारात मातीची परीक्षा करणारा. मातीची! तुहा आजा ढेकूळ जिभेवर ठेवून सांगे, इथं मिरची येणार नाही. त्याले कोणत्या सरकारानं पगार देला? खामगावच्या तेलाच्या गिरणीत तेल तपासायची नोकरी, एवढी एकच मले बरी वाटली. एसटीनं सकाळी जायचं, दिवस मावळायच्या आत घरी.

पण तिच्याखाली तू रेघ मारली नाही. रेघ मारली मुंबईच्या औषधाच्या कारखान्याखाली. दोन रेघा. मुंबईच काऊन? मुंबईत कोण हाये?

लोणारवाल्यायले मी सांगतलं हाये, परीक्षा एप्रिलात होते, लग्न वैशाखात. तोपर्यंत हातमोजे घालून तेजाब ओत.

सोजराआत्या


पिंपळगाव राजा,
ता. २० जानेवारी १९६६

प्रयागे,

संक्रांतीले तिळगूळ धाडला तो पोचला. त्याच्यासंग जे लिहिलं ते खरं असल्यामुळं तुले झोंबलं.

तू मले लिहिते, "विश्वास नसेल तर मला पत्र लिहू नकोस." नकोस! हे "नकोस" कोठून आणलं वं? पिंपळगावच्या पोट्टीच्या तोंडात "नकोस" आपोआप येत नाही. कोणाच्या तरी तोंडून ऐकल्यावर येते. तो कोण हाये, ते सांग, मंग मी लिहिणं बंद करते.

मी साधं इचारलं होतं, संग शिकणाऱ्या पोरायपैकी किती मुंबईचे हायेत. तू लिहिलं, वर्गात वीस जण, पोरी तीन. मी पोरी इचारल्या नव्हत्या.

लग्नाले तू "नाही" म्हणते ते मी वाचलंच नाही असं समज. तुह्या बापानं वाचलं अन् दिवसभर मळ्यात जाऊन बसला. तुह्यापायी माहा भाऊ माह्याशी बोलेना झाला. ह्याले काय म्हणते तुमच्या प्रयोगशाळेत?

सोजरा


पिंपळगाव राजा,
ता. २ मार्च १९६६

प्रयागे,

तू मले लिहायचं सोडलं, बापाले कार्ड टाकते. कार्ड उघडं राहते, म्हून मी वाचलं. त्यात चोरी नाही.

तिन्ही कार्डात तेच. "मुंबईच्या कारखान्याला अर्ज केला आहे, माझ्या नावाचं टपाल आलं का?" नाही आलं. मी स्वतः कडूबा पोस्टमनले इचारलं. खाकी बिकी कोणतंच लांब पाकीट आलं नाही. तू रंग लिहिला नव्हता, हे मले माहीत हाये. मी आपला अंदाज केला. कारखान्याचे पाकिटं खाकीच राहते.

अन् मले सांग, मुंबईचा कारखाना भाजीवाल्याच्या पोरीले कायले पत्र धाडन? त्यायले मुंबईत माणसं भेटत नाही का? तू वसतिगृहाचा पत्ता न देता घरचा काऊन देला? तू लिहिते, "वसतिगृह एप्रिलात बंद होईल, घरचा पत्ता पक्का असतो." लय हुशार. की वसतिगृहातल्या बाई पाकिटं फोडून पाहतात म्हून इथला देला? इथं आत्या चौथी शिकलेली, इंग्रजी तिले येत नाही, हा तुहा हिशेब मले समजला.

तर मी येऊन राह्यली. पंधरा तारखेले, मंगळवारी. खामगावले बसन, जलंबले गाडी बदलन, अन् तुह्या प्रयोगशाळेत येऊन उभी राहीन. आधी सांगून येते, म्हणजे मंग कोणी म्हणायले नको की आत्या पाळत ठेवते.

सोजरा


पिंपळगाव राजा,
ता. १८ मार्च १९६६

माह्ये प्रयाग,

काल सुखरूप पोचली. दशम्या गाडीतच सरल्या, जलंबले एका बाईनं अर्धी मागून खाल्ली.

मी तोंडावर बोलली नाही, कारण मले तोंडावर चांगलं बोलता येत नाही. इथून लिहिते. वीस पोट्ट्यांत तू पांढरा डगला घालून उभी होती, तवा मी तुले ओळखलंच नाही. उंच नळीतून तू थेंब थेंब सोडत होती. खालचं पाणी पांढरं. एक थेंब पडला, नाही झालं. दुसरा पडला, नाही झालं. तिसरा नळीच्या तोंडाशी लोंबत होता अन् तू श्वास रोखला होता. मी बी रोखला. तो पडला अन् सारं पाणी गुलाबी! माय माय! माह्या अंगावर काटा आला. मळ्यात मी तीस वर्सं पाणी देऊन राह्यली, पण एका थेंबासाठी कोणाले एवढं जपताना मी कधी पाह्यलं नव्हतं.

तुह्या सरायनं मले स्टूल देलं. म्हणे, "हिचा हात स्थिर आहे, बाई. हा शिकवून येत नाही." मी म्हणलं, लहानपणी हिनं माह्यासंग मेथी निसली हाये. ते हासले. मी हासण्यासारखं सांगतलं नव्हतं.

अन् तुम्ही दोघं बोलत होते तवा मी त्या टेबलावरच्या बाटलीले हात लावला. तुहं खरं का खोटं, ते पाहायचं होतं. बाटलीच्या मानेवर नुसती ओल होती. बोट चुरचुरलं, मी पदराले पुसलं. पदराले दोन भोकं पडली अन् बोट पिवळं झालं हाये. राख लावली, नारंगी झालं. तेल चोळलं, सुटलं नाही. दोन्ही परीक्षा झाल्या. हळद नोहे. तू खरं बोलली होती, अन् मी तुले नाही नाही ते लिहिलं. मले माफ कर म्हणायचं असते अशा वेळी, तर तसं समज.

स्टेशनावर तू माहा हात धरून परत इचारलं, मुंबईचं काही आलं का. मी नाही म्हणलं. ते नाहीच हाये. पण एक लिहिते, राग मानू नको. तुह्या तोंडावर तवा अशी चमक आली होती की मी मनात म्हणलं, हे काही नोकरीचं नाही. पोरीच्या तोंडावर अशी चमक एकाच गोष्टीनं येते, एवढंच मले माहीत.

प्रकृतीले जप. हातमोजे घाल.

तुही आत्या


पिंपळगाव राजा,
ता. ३० मार्च १९६६

प्रयाग,

तुहं गोड पत्र आलं. त्याचं उत्तर गोड देता येत नाही, कारण माहं डोकं तापलं हाये.

पाडव्याले मी विहिरीवर गेली तर भिमाबाईनं माहं बोट धरलं. "सोजरे, हे कायचं?" मी म्हणलं, तेजाबाचं. "तुले तेजाब कायले लागते?" मी म्हणलं, पोरीच्या कॉलेजात लागलं. चार बायका होत्या, चौघीही हासल्या. विधवा बाई नागपूरले जाते काय, दोन दिवस राहते काय, अन् बोटाले हळद घेऊन येते काय! पन्नास वर्सांची बाई मी, माह्या पायाचे सांधे बोलते, अन् ह्या रांडा माहं लग्न लावून राह्यल्या. मी खरं सांगतलं, पुन्हा सांगतलं, शपथ घेतली. जितकं सांगावं तितक्या एकमेकीकडं पाहत. घरी येऊन रडली मी, पोरी. अन् रडता रडता तुहं चार पानी पत्र आठवलं. तू बी असंच मले समजावत होती अन् मी "बाप्पा" म्हणत होती.

कालपरवा लोणारचे तारीख धरायले आले. अन्नपूर्णाबाईची नजर बसल्या बसल्या माह्या हातावर. मी इचारायची वाटच पाह्यली नाही. तेलाची वाटी आणली अन् तिच्यापुढं बोट चोळून दाखवलं. म्हणलं, पाहा, हळद असती तर सुटली असती, ही सुटत नाही. तर ती म्हणे, "सुटत नाही म्हणजे लयच मुरली."

मंग नवऱ्याले म्हणे, "चला. पोरीचे हात तसे, आता आत्याचे बी. ह्या घरात हाये तरी काय?" मले राग आला अन् मी म्हणलं, ह्या घरात एम्.एस्सी. हाये, तुमच्या दुकानातल्या कपड्याचा रंग धुतल्यावर काऊन उतरते ते सांगू शकते. महादेवराव उठले. तुह्या बापानं त्यायले थांबवलं नाही. त्यायच्या मागं त्यानं दार लावलं अन् मले म्हणे, "अक्का, वर्सभरात पहिल्यांदा चांगलं बोलली तू आज." लग्न मोडलं. तुह्या मनासारखं झालं, आता अभ्यास कर.

बोट आता सोलून राह्यलं हाये, दोन दिवसांत डाग जाईन.

सोजराआत्या


पिंपळगाव राजा,
ता. १२ एप्रिल १९६६

प्रयाग,

तुही प्रयोगाची परीक्षा वीस तारखेले हाये, हे मले माहीत हाये. हे पत्र परीक्षा झाल्यावर टाकावं, असं मी रातभर घोकलं. पण त्यात माहीच सोय होती, म्हून आज लिहून कडूबाच्या हाती देते. उभी असशील तर बस.

मुंबईचं पाकीट आलं होतं. चोवीस फेब्रुवारीले. खाकी, लांब, तुह्या नावाचं. मी ते भाताच्या वाफेवर धरून उघडलं. आत टाइप केलेलं इंग्रजी अन् खाली वळणदार निळी सही. त्या सहीवरूनच माहं डोकं फिरलं. गावातल्या मास्तराकडून वाचून घेतलं असतं तर पाच मिन्टांचं काम होतं. पण मले वाटलं, आत काही भलतंसलतं निघालं तर उद्या सारा गाव वाचन. तुही अब्रू जाऊ नये म्हून मी ते कोणालेच दाखवलं नाही. ज्वारीच्या कोठीत ठेवलं.

अन् नागपूरले आली तवा ते माह्या पिशवीत होतं, प्रयाग. दशम्यांच्या खाली. मी ते तुह्या सरायपुढं टाकून इचारणार होती, हा कोण. मंग तुहा हात पाह्यला, ते गुलाबी पाणी पाह्यलं, बोट पिवळं झालं, अन् इचारायची हिंमत झाली नाही. स्टेशनावर तू माहा हात धरला, तो पिशवीचाच हात होता. मी नाही म्हणलं.

विहिरीवरचं झाल्यावर मले घरात बसवेना. एकदा खोटी ठरली होती, तर दुसऱ्यांदाही ठरली असन, असं वाटे. काल खामगावले गेली. कचेरीपुढं गुलाबराव अर्ज लिहिते, त्याले इंग्रजी येते अन् तो आपल्याले ओळखत नाही. त्यानं वाचलं. मुंबईच्या औषधाच्या कारखान्यानं तुले मुलाखतीले बोलावलं होतं. मुंबईले नाही, नागपूरलेच. ते लोक चार गावं फिरत येणार होते. सोमवार एकवीस मार्च, सकाळी दहा वाजता. जागेचं नाव वाचलं त्यानं, सीताबर्डीचं. तुह्या वसतिगृहातून चालत जाण्यासारखं. मी तुह्याजवळ उभी होती त्याले तवा सहा दिवस बाकी होते.

तारीख निघून गेली, असं गुलाबराव म्हणे. आता तवा मले काय वाटलं, ते लिहिते. ते लिहिलं नाही तर ह्या पत्राचा उपेग नाही. वाईट मागून वाटलं. पहिल्यांदा बरं वाटलं. पोट्टी आता मुंबईले जात नाही, असं मनात आलं, अन् मी तिथंच ठेल्यावर एक चहा घेतला. चहा अर्धा झाला तवा समजलं की मी कायचा चहा पिऊन राह्यली. कोणता पोट्टा नाही अन् हळद नाही. तुह्या यादीतल्या त्या दोन रेघा मी पाह्यल्या, त्याच दिवसापासून मले तू जाशील याचीच भीती होती. पोट्ट्याचं नाव इचारणं सोपं होतं. "जाऊ नको" म्हणणं मले जमलं नाही.

गुलाबरावाकडून कारखान्याले इंग्रजीत लिहून घेतलं. मुलीचा दोष नाही, पाकीट तिच्या आत्यानं दडवलं, असं नाव घालून लिहायले लावलं. तो म्हणे, "बाई, असं कोणी लिहीत नाही." मी म्हणलं, लिहा. काही होईन असं मले वाटत नाही. जागा भरली असन. पाकीट यासंग धाडते, तुहं तू पाह्य. तुह्या बापाले आज सकाळी सांगतलं. तो उठून मळ्यात गेला. जेवला बी नाही.

खामगावहून घरी आली तर तुहं कार्ड येऊन पडलं होतं. तू बापाले लिहिते, "आणखी दोन कारखान्यांना अर्ज टाकले आहेत. पत्ता घरचाच दिला. आत्याला सांगा, टपालावर लक्ष ठेव. तिच्याइतकं जपून कोणी ठेवणार नाही."

प्रयाग, त्या दोन्ही कारखान्यायले आजच्या आज लिही. घरचा पत्ता खोड. वसतिगृहाचा दे, तुह्या सरायचा दे, कोण्या मैत्रिणीचा दे, कोणाचाही दे. ह्या पत्राचं उत्तर देलं नाही तरी चालन, पण हे आधी कर. आत्या रडली म्हणजे सुधरली, असं समजू नको. उद्या कडूबा दारात खाकी पाकीट घेऊन उभा राह्यला, तर ते मीच घेईन, अन् मंग त्याचं काय करीन, याचा मलेच भरोसा नाही.

सोजरा